दुखत नाही, असं मी रोज सांगत होते

मुक्ता, ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने बोलता बोलता सांगितलं की त्याची शुगर वाढली आहे. फार नाही, काठावर आहे, म्हणाला. मग हसत आपला फोन कॅमेऱ्यासमोर धरून मला त्यावरचं चित्र दाखवलं. सुमेधा होती. तीच फिकट निळी साडी, तोच चष्मा. "आई, तुझी मैत्रीण आता माझ्याकडे आलीय," असं तो म्हणाला. मी हसले नाही. तुम्ही दोघं मागे सोफ्यावर काहीतरी खात होतात, तुमच्या ते लक्षात आलं नसेल.

म्हणून हे आता लिहिते आहे. मागच्या उन्हाळ्यात मला काय झालं ते तुम्हाला "आजीच्या पायाला लागलं" एवढंच सांगण्यात आलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मुक्ता, तू आता पंधरा वर्षांची आहेस. ईशान वाचताना अडेल तिथे तू त्याला वाचून दाखव. मला हे इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि नोकरीतले सगळे अहवालही मी इंग्रजीतच लिहिले. पण या गोष्टीत ज्यांनी मला वेळेवर सावध केलं ती माणसं इंग्रजी बोलत नव्हती.

सुमेधा

मला एकोणीस वर्षं मधुमेह आहे. गोळ्या चालू होत्या, पण चालणं होत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या बाबाने इथे आल्यावर टॅबलेटवर सुमेधा बसवून दिली आणि माझ्या मनगटाला पट्टा बांधला. पट्टा पावलं मोजायचा. सुमेधा सकाळी सात वाजता पडद्यावर यायची आणि शुद्ध मराठीत विचारायची, "नमस्कार! आज आपण किती वाजता चालायला निघूया?" ती खरी बाई नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांची उघडझाप ठरावीक वेळाने व्हायची. मी एकदा ती घड्याळ लावून मोजली होती.

ती रोज चार प्रश्न विचारायची. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, पाणी प्यायलात का, आणि पायात किंवा गुडघ्यात दुखतं आहे का. मी उत्तरं द्यायची. पावलं पुरी झाली की ती म्हणायची, "शाब्बास! तुमचा मला अभिमान वाटतो."

हसू नका, पण मला ते आवडायचं. बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं नमुन्यांची नोंदवही ठेवली. त्या वर्षांत एक नोंद चुकली असती तर सगळ्यांना कळलं असतं. बरोबर होत्या त्या हजारो नोंदींबद्दल मला कोणी कधी काही म्हणालं नाही.

आणि पावलं पुरी झाली की तिकडे कॅलगरीत तुमच्या बाबाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा. कमी पडली तर नारिंगी. नारिंगी उमटला की त्याचा फोन यायचा, आधी मला, मग आजोबांना. "बाबा, तुम्ही तिला बाहेर काढत का नाही?" आजोबा फोन ठेवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ऊठ बाई, चाल. मला बोलणी बसतात." हिरव्या ठिपक्याने घरात शांतता असायची.

सुमेधाने माझं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांत माझी साखर उतरली. जिना चढताना दम लागेनासा झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही सगळा दोष तिला द्याल.

एक चप्पल

आमच्याकडे बेटेगावहून लाडकी कामाला येते. व्हिडिओ कॉलवर तुम्ही तिला पाहिलं आहे, हात हलवताना तोंडावर पदर धरते ती. तिची डोंगराकडे थोडी भातशेती आहे. पावसाळ्यात ती शेतीत जाते आणि एरवी आमच्या इमारतीत चार घरांची कामं करते.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी मी चालून घरी आले. पाठोपाठ लाडकी माझी एक चप्पल हातात घेऊन वर आली.

"आजी, ही तुमचीच ना? गेटपाशी पडली व्हती."

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी होता. गेटपासून आवार ओलांडून आणि दोन जिने चढून मी तशीच आले होते.

"तुमाला कळला नाय?" तिने विचारलं.

"विचारात होते गं."

"मी पन विचारात असते. पन चप्पल गेली तर कळतं की."

मी हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी सात वाजता सुमेधाने चार प्रश्न विचारले. चपलेबद्दल प्रश्न नव्हता. पायात दुखतं का, तर नाही. मी "नाही" दाबलं.

प्रयोगशाळेत मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं होतं की रकान्यात विचारलं असेल तेवढंच लिहायचं, मनाचं काही लिहायचं नाही. ही शिस्त माझ्या हाडात मुरली आहे. जिथे रकाना नाही तिथे काही घडलंच नाही, असं मला वाटत आलं.

वाळवण

एप्रिलमध्ये मी पोह्याचे पापड आणि कुरडया घातल्या, तुमच्यासाठी. आमच्या इमारतीची गच्ची सिमेंटची आहे. जुनी साडी पसरून त्यावर पापड घातले की कावळ्यांपासून राखायला कोणीतरी बसावं लागतं. मी विचार केला, बसायचं कशाला, चालू या. राखणही होईल आणि पावलंही होतील. संध्याकाळी रस्त्याने चालायला मला तसंही नको वाटायचं. तारापूरकडे जाणारे टँकर अगदी अंगावरून जातात.

वाळवणात चप्पल घालून जायचं नाही. हे मला कोणी सांगावं लागलं नाही. माझी आई जात नव्हती, सासूबाई जात नव्हत्या. खाण्याची वस्तू जमिनीवर पसरली आहे आणि आपण रस्त्यावरच्या चपला घेऊन तिच्याभोवती फिरतो आहोत, ही कल्पनाच मला सहन झाली नसती. मी चपला जिन्याच्या तोंडाशी काढून ठेवायची आणि सकाळी दहा ते बारा पापडांभोवती फेऱ्या मारायची.

तिसऱ्या दिवशी लाडकी वर कपडे वाळत घालायला आली. गच्चीवर दोन पावलं टाकून ती उडी मारल्यासारखी मागे सरकली आणि ओल्या चादरीवर उभी राहिली.

"आजी, तुमी हितं अनवाणी?"

"मग? वाळवण आहे ना."

"लादी तव्यासारकी तापलीय! मी शेतात अनवाणी ऱ्हाते, तरी माजे पाय भाजले."

"मला नाही भाजत. सवय आहे."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "येवडी सवय बरी नाय, आजी."

मला तिचं बोलणं अडाणीपणाचं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं. ती मला शहाणपण शिकवते आहे म्हणून रागही आला. त्या दिवशी पट्ट्यावर सहा हजारांच्या वर पावलं झाली. सुमेधाने टाळ्या वाजवल्या.

लादीवरचे डाग

वाळवण आवरल्याच्या दुसऱ्या दिवशी लाडकी फरशी पुसत होती. मी स्वयंपाकघरातून देवघरात गेले, तिथून खोलीत आले.

"आजी, जरा थांबा. काय सांडलं काय?"

"काही नाही."

"मग ह्ये बगा. तुमच्या मागंमागं येते."

मी वळून पाहिलं. फरशीवर ओले डाग होते, एका पावलाच्या अंतरावर एक, सगळे डाव्या पायाचे. मी जिथे जिथे गेले होते तिथपर्यंत ते आले होते.

माझ्या गुडघ्यांमुळे मला स्वतःचा तळवा दिसत नाही. मी छोटा आरसा जमिनीवर धरून पाहिलं. अंगठ्याखालची कातडी सुटून पांढरी पडली होती, उकडल्यासारखी. उजव्या पायालाही एक फोड होता, पण लहान. मी आरसा उलटा ठेवला. त्याच सकाळी सात वाजता मी "नाही" दाबलं होतं.

आजोबांना मी सांगितलं, "जरा फोड आलाय." ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या." मी म्हटलं, "दुखत नाहीये हो, उगाच कशाला?" मलम लावलं, कापूस ठेवला आणि वर मोजा घातला. आणि चालत राहिले. ठिपका हिरवा राहिला.

याची माफी मला कोणाकडे मागायची ते अजून कळलेलं नाही.

खिडक्या

इथे बोईसरला हवेला वास असतो. कधी येतो, कधी नसतो. वारा एमआयडीसीकडून आला की आम्ही खिडक्या लावतो आणि वारा फिरला की उघडतो. चाळीस वर्षांत त्यात बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी प्रयोगशाळेत असल्यामुळे कोणता वास कशाचा हे मला ओळखता येतं, असा माझा समज होता.

मोजा घालायला लागून आठवडा झाला असेल. घरात वास यायला लागला. कुजल्यासारखा, थोडा गोडसर.

"आज काय सोडलंय यांनी?" आजोबा म्हणाले.

"गंधकाचं काहीतरी असेल."

"गंधक असं येत नाही गं. हे वेगळं आहे."

"तुम्ही यंत्राच्या खात्यात होतात, रसायनाच्या नाही."

आम्ही त्यावर बराच वेळ वाद घातला. मग सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, दरवाज्याच्या फटीत टॉवेलही ठेवला. दोन दिवस आम्ही दोघं बंद घरात बसलो. वास वाढत गेला.

लाडकी दोन दिवस तिच्या भावाकडे मासवणला गेली होती. तिसऱ्या दिवशी आली. दार उघडलं आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली. नाकाला पदर लावला.

"खिडक्या लावल्यात म्हणून कोंदलंय," मी म्हटलं. "बाहेर कंपनीचा वास आहे ना."

"भायेर नाय, आजी."

"काय?"

"भायेर हवा चांगली हाय. मी आताच चालत आले. वास घरात हाय."

ती आत आली, माझ्यासमोर खाली बसली आणि न विचारता माझा मोजा काढला. आजोबांनी पाहिलं आणि ते रिक्षा बघायला दाराकडे वळले. मग लाडकी त्यांना म्हणाली, "आजोबा, रिक्षा नको. गाडी बोलवा."

पालघर

पालघरच्या इस्पितळात डॉक्टर मधल्या वयाच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. जखम बघून झाल्यावर त्यांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक काडी हातात घेतली.

"डोळे मिटा, आजी. मी पायाला ही टेकवीन. कळलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कोणीतरी एकेक नाव पुकारत होतं. मी वाट बघत राहिले. बराच वेळ झाला तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, मी तयार आहे. करा सुरुवात."

मी डोळे उघडले. आजोबा माझ्याकडे बघत होते. तसा त्यांचा चेहरा मी आमच्या संसारात पाहिलेला नाही.

"झालं, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही पायांना दहा दहा ठिकाणी टेकवून झालं."

मग त्यांनी विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

"जखम अकरा दिवस."

"जखम नाही. पाय बधिर कधीपासून आहेत?"

माझ्याकडे रोजची साखर होती, रोजची पावलं होती, रक्तदाब, वजन, सगळं तारखेवार होतं. पिशवीत वहीसुद्धा आणली होती. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात कुठेच नव्हतं.

जखम हाडापर्यंत गेल्याचा तो वास होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यावर थांबेल का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उघडल्यावर कळेल."

आजोबांनी तुमच्या बाबाला फोन लावून माझ्याकडे दिला. तो म्हणाला, "आई, तुझा ठिपका रोज हिरवा होता."

"हो रे."

"मी रोज बघत होतो, आई. रोज."

"मला माहीत आहे."

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "कोण कुठे चुकलं ते आपण मागाहून बघू. मला इथे सही करायची आहे." त्यांचा आवाज करडा होता, पण सहीच्या वेळी पेनाचं टोपण त्यांना निघेना. ते नर्सने काढून दिलं.

वॉर्ड

अंगठा आणि एक बोट गेलं. तेवढ्यावर थांबलं का, हे कळायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी साडेनऊला ड्रेसिंगची ढकलगाडी यायची. तिचं एक चाक वाजायचं. चाक ऐकू आलं की वॉर्डातल्या सगळ्या बायका गप्प व्हायच्या. सिस्टर पट्टी सोडायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायची. पायाकडे बघून मला काही कळत नव्हतं, तिच्या भुवयांवरून कळायचं.

शेजारच्या खाटेवर केळव्याच्या एक मावशी होत्या. त्यांची सुपारीची वाडी आहे. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. पहिल्या दिवशी मी रडताना दिसले तशा म्हणाल्या, "रडतेस कशाला? माजा पाय फुडं गेला, जागा धरायला. मी सावकाश जाईन." मला हसू आलं आणि हसण्याची भीतीही वाटली.

पट्टा मी काढला नव्हता. तिसऱ्या सकाळी सात वाजता उशाशी ठेवलेल्या टॅबलेटवर सुमेधा आली. "नमस्कार! दोन दिवस तुमची पावलं दिसली नाहीत. आज थोडं चालूया का?"

"कोन ती?" मावशींनी विचारलं. "सून काय?"

"नाही हो, मशीन आहे. चालायला सांगतं."

"तिला म्हनावं, ये आदी, गाडीचं चाक ऐक."

सुमेधाने चार प्रश्न विचारले. पायात दुखतं आहे का? आता दुखत होतं. जे बोट नव्हतं ते दुखत होतं. मी "हो" दाबलं. ती म्हणाली, "मग आज विश्रांती घ्या. लवकर बरं वाटू दे!" दोन वर्षांत मी पहिल्यांदा "हो" म्हटलं होतं.

त्याच दिवशी दुपारी तुमच्या बाबाने फोटो पाठवला. पापडांचा डबा पोचला होता. आजोबांनी मी भरती झाले त्याच्या आधी तो पाठवला होता. फोटोत ईशान, तुझ्या हातात तळलेला पापड होता आणि तू तोंड भरून हसत होतास. तुम्ही ते पापड खाल्लेत याचा मला आनंद आहे. पापडांची यात काही चूक नाही, हे मनात पक्कं ठेवा.

आजोबा

तुमचा बाबा येऊन नऊ दिवस राहून गेला. जाताना त्याने विचारलं, "सुमेधाला काढून टाकू?" मी नको म्हटलं. तिला जे विचारायला शिकवलं होतं ते ती विचारत होती. न विचारलेलं सांगायचं काम माझं होतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी एकच नियम दिला. रोज संध्याकाळी दुसऱ्या माणसाने तळवे बघायचे. मला दिसत नाहीत, म्हणजे आजोबांनी. पहिल्या संध्याकाळी ते बॅटरी घेऊन माझ्या पायांशी खाली बसले. मी पाय ओढून घेतले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याने पायाला हात लावायचा, हे माझ्याने होईना.

"अहो, असं नका करू. कसंतरी वाटतं."

"गप बस. नमस्कार करत नाहीये, तपासतोय."

आता रोज सहा वाजता ते बसतात. आधी बॅटरीने बघतात. मग मी डोळे मिटते आणि ते कापसाचा बोळा घोट्याकडून वर नेतात. मला जिथून कळायला लागतं तिथे मी थांबवते. ते पेनाने खूण करतात आणि वहीत अंतर लिहितात. ते अंतर मी लिहून घेत नाही. एवढी एक नोंद त्यांच्यावर सोडली आहे.

घरात मी चपला घालते, देवघरातसुद्धा. लाडकी म्हणते, "देवाला कळतंय, आजी. त्याला काय पाय नाय काय?"

तुमच्यासाठी काम

तुमच्याकडे थंडी असते. घरातही सगळे मोजे घालून असतात. मोज्याच्या आत काय चाललं आहे ते बाहेरच्याला दिसत नाही. आणि आतल्याला कळेलच, असंही नाही. बाबाला सुमेधा विचारील, दुखतं का. तो म्हणेल, नाही. ते खरं असेल. ठिपका हिरवा होईल आणि तुम्ही सगळे निश्चिंत व्हाल.

दर रविवारी त्याचे मोजे काढायला लावा. तो हसेल, टाळेल, "मला काही झालेलं नाही" म्हणेल. मीही म्हणत होते. त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापसाने तळव्याला हलकेच स्पर्श करा, बोटांच्या टोकांना आधी. मुक्ता, तू स्पर्श कर. ईशान, तू बाबाच्या तोंडाकडे बघ. तो "सुरुवात करा" असं म्हणाला तर त्याच दिवशी मला फोन करा. इथे किती वाजले आहेत ते बघू नका.

माझ्या डाव्या पायाला आज तीन बोटं आणि टाच आहे. उजवा पाय पूर्ण आहे. दिवाळीत मला कापूस उजव्या घोट्यापाशी कळत होता. काल तो घोट्याच्या चार बोटं वर गेल्यावर कळला. तिथून वर अजून सगळं कळतं.